बोन स्कॅनच्या दिवशी डोहाळजेवण

सोमशेखर हत्तुरे यांचा बोन स्कॅन ही गोष्ट फक्त तिघांत राहणार होती. ते स्वतः, त्यांच्या पत्नी महानंदाबाई आणि डॉक्टर. मुलगी उत्कर्षाला तर काही झालं तरी कळू द्यायचं नव्हतं. ती पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आली होती, सातवा महिना चालू होता, आणि अशा वेळी मुलीच्या कानावर काय घालावं आणि काय घालू नये याबद्दल महानंदाबाईंची मतं फार ठाम होती. घरातली वाईट बातमी सोडाच, टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा त्या उत्कर्षाला आवाज बंद करून पाहायला लावत.

बातमी तशी अजून अर्धवटच होती. सोमशेखररावांची लघवीची तक्रार, त्यावरून तपासण्या, तपासण्यांतून प्रोस्टेटमध्ये निघालेली एक लहानशी गाठ, गाठीचा काढलेला तुकडा, आणि तो तुकडा चांगला नसल्याचा निरोप, इथपर्यंत प्रकरण आलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलंय, उपचार आहेत, पण त्याआधी हे हाडांपर्यंत पोचलंय की काय ते पाहून घेऊ. हाडं स्वच्छ निघाली तर सगळं सोपं. घाबरू नका. सोमशेखरराव घाबरले नाहीत, म्हणजे घाबरल्याचं त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात अधीक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते आणि कुठलंही संकट आलं की त्याची फाइल करायची त्यांना सवय होती. आजाराचं नाव घरात उच्चारायचं नाही असं नवराबायकोचं ठरलं. त्याला ‘तो विषय’ म्हणायचं.

होटगी रोडवरच्या एका तपासणी केंद्रात हा स्कॅन होत असे. केंद्राच्या पाटीवर ‘न्यूक्लियर मेडिसिन’ असे शब्द होते. ते वाचून सोमशेखरराव पाटीखाली थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. न्यूक्लियर हा शब्द त्यांनी आजवर शेजारी देशांच्या संदर्भात ऐकला होता. औषधाच्या संदर्भात तो शब्द ते प्रथमच वाचत होते.

पहिली अडचण आरोग्य विम्याची आली. विमा कंपनीच्या अर्जात एक रकाना होता, ‘तपासायचा अवयव : डावा की उजवा’. सोमशेखररावांनी ‘सर्व हाडे’ असं लिहिलं. अर्ज परत आला. त्यांनी ‘दोन्ही’ असं लिहिलं. फोन आला. फोनवरच्या मुलीनं अत्यंत सौजन्यानं विचारलं की सर, दोन्ही म्हणजे नक्की कोणते दोन. सोमशेखररावांनी स्वतः आयुष्यभर लोकांचे अर्ज अशाच कारणांवरून परत पाठवले होते. पण तेव्हा ते टेबलाच्या योग्य बाजूला बसत. शेवटी त्यांनी ‘डावा’ लिहिलं आणि अर्ज मंजूर झाला. उजव्या बाजूची हाडं विम्याबाहेर राहिली की काय, ही शंका त्यांना पुढं बरेच दिवस छळत होती.

दुसरी अडचण त्यांनी आपण होऊन ओढवून घेतली. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या सिद्धकृपा अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर गुरप्पा कोरे राहत. हे गुरप्पा पूर्वी एका दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे अपार्टमेंटमधलं वैद्यकशास्त्र त्यांच्याकडे होतं. सोमशेखररावांनी त्यांना, कुणाला न सांगण्याच्या अटीवर, बोन स्कॅनबद्दल विचारलं. गुरप्पांनी बराच वेळ डोळे मिटून विचार केला. मग म्हणाले, की यात माणसाच्या अंगात अणू सोडतात. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं, नाहीतर अणू अन्नाला चिकटतात. नेहमीच्या गोळ्या बंद. येताना खिशात मोबाइल ठेवायचा नाही, बॅटरी फुगते. आणि रात्री दिवा बंद करून एकदा आरशात बघायचं, हिरवं दिसतंय का.

“हिरवं दिसलं तर?” सोमशेखररावांनी विचारलं.

“तर मला फोन करायचा,” गुरप्पा म्हणाले.

कुणाला न सांगण्याची अट गुरप्पांनी काटेकोर पाळली. त्यांनी फक्त आपल्या बायकोला, जगदेवीला सांगितलं. जगदेवींनीही ती अट घालूनच पुढं सांगितलं. त्यामुळे दोनच दिवसांत सगळ्या अपार्टमेंटला ‘तो विषय’ माहीत झाला आणि प्रत्येकानं तो उत्कर्षाला न सांगण्याची शपथ घेतली. उत्कर्षा जिन्यात दिसली की बायका एकदम गप्प व्हायच्या आणि तिला चिंच हवी का विचारायच्या. तिच्याकडे चिंचेचा एवढा साठा झाला की तिला वाटलं, सोलापुरात या वर्षी चिंचेचं पीक फार आलंय.

खरी अडचण तारखेची. स्कॅन आधी मंगळवारी ठरला होता. सोमवारी केंद्रातून फोन आला की औषध त्या दिवशी येत नाहीये, तुम्ही गुरुवारी सकाळी या. आणि गुरुवारी संध्याकाळी उत्कर्षाचं डोहाळजेवण होतं. महानंदाबाईंच्या अक्कलकोटकडच्या माहेरी त्याला कुबसा म्हणतात. माहेरहून गाडीभर माणसं निघणार होती, जावयाकडची माणसं पुण्याहून येणार होती, पार्किंगमध्ये मंडप पडणार होता. सोमशेखररावांनी केंद्राला तारीख बदलून मागितली. तिथल्या माणसानं समजावून सांगितलं की हे औषध बरणीत भरून ठेवण्यासारखं नसतं. आणलं की तासातासाला विरत जातं. तुमच्या नावानं मागवलेलं औषध तुम्ही आला नाहीत तर तुमची वाट बघत बसत नाही. पुढची तारीख मग पुढच्या आठवड्यात, आणि तुमचे डॉक्टर तर लवकर मागतायत.

औषधाचा हा स्वभाव सोमशेखररावांना मनातून आवडला. आयुष्यात प्रथमच त्यांना स्वतःपेक्षा वक्तशीर काहीतरी भेटलं होतं. सकाळी स्कॅन करून दुपारी परत यायचं आणि संध्याकाळी मंडपात उभं राहायचं, असं त्यांनी महानंदाबाईंना सांगितलं. कार्यक्रमाची आखणी तर व्यवस्थित झाली.

गुरुवारी सकाळी ते उपाशीपोटी, गोळ्या न घेता, मोबाइल बायकोकडे सोपवून निघाले. त्यांना सोडायला तळमजल्यावरचे हाशमभाई आले. हाशमभाईंचा टेम्पो होता, मालवाहतुकीचा धंदा होता, आणि शेजाऱ्याला दवाखान्यात रिक्षानं जाऊ देणं त्यांना अपमानाचं वाटे. टेम्पोच्या मागच्या हौद्यात कांद्याच्या रिकाम्या गोण्या होत्या. सोमशेखरराव पुढं बसले तरी कांद्याचा वास त्यांच्यासोबत तपासणी केंद्रात आला.

तिथं मेहनाज नावाची तंत्रज्ञ होती. साधारण उत्कर्षाच्याच वयाची. तिनं नाव, वय, जुने रिपोर्ट तपासले आणि नाश्ता झाला का विचारलं. सोमशेखररावांनी अभिमानानं सांगितलं, की कालपासून पोटात काही नाही.

“का बरं, काका? याला उपाशी राहावं लागत नाही,” ती म्हणाली. “गोळ्यासुद्धा नेहमीच्या घ्यायच्या असतात. तारीख देताना सांगितलं नव्हतं का?”

सांगितलं होतं. पण तेव्हा सोमशेखरराव विम्याच्या डाव्या-उजव्याच्या विचारात होते, आणि नंतर गुरप्पांचा सल्ला आला होता. मेहनाजनं त्यांना कँटीनमधून उपमा मागवून दिला, तो संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग हाताच्या शिरेत इंजेक्शन दिलं. रक्त तपासायला टोचतात तेवढंच टोचलं. सोमशेखरराव काहीतरी होण्याची वाट पाहत बसले. काही झालं नाही. गरम वाटलं नाही, चक्कर आली नाही, हिरवं तर काहीच दिसेना.

मग तिनं पुढचं सांगितलं. औषध हाडांत मुरायला दोन-तीन तास लागतात. तोवर भरपूर पाणी प्यायचं आणि दर थोड्या वेळानं लघवीला जायचं, म्हणजे नको असलेलं औषध निघून जातं आणि फोटो स्वच्छ येतो. लघवीला बसूनच गेलेलं बरं. फ्लश दोनदा करायचा, हात साबणानं धुवायचे. इथं बसा किंवा घरी जाऊन या, पण वेळेवर परत या. “आणि आजचा दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्या फार जवळ बसायचं नाही. घाबरण्यासारखं नाही, काका, औषध अगदी थोडं असतं. पण आज किरण तुमच्या अंगातून निघणार, मशीनमधून नाही. मशीन नुसतं बघतं. उद्यापर्यंत बहुतेक सगळं निघून जाईल.”

सोमशेखररावांनी विचारलं, “मुलगी गरोदर असली आणि आज तिचं डोहाळजेवण असलं तर?”

“तर लांबूनच आशीर्वाद द्या,” ती म्हणाली. “जवळ बसणं, गळ्यात पडणं आजच्या दिवस टाळायचं. उद्यापासून काही नाही.”

खरं तर सोमशेखरराव तिथंच बसणार होते. पण थोड्याच वेळात हाशमभाईंच्या मोबाइलवर महानंदाबाईंचा फोन आला. मंडपवाला प्रभु लायटिंगच्या माळा वरून सोडायच्या म्हणतोय, त्याला गच्चीची किल्ली हवी, आणि गच्चीची, पंपाची, टाकीच्या झाकणाची अशा सगळ्या किल्ल्या तुमच्या खिशात. सोमशेखरराव सोसायटीचे सचिव होते. किल्ल्या दुसऱ्या कुणाकडे द्यायच्या नाहीत हा नियम त्यांनीच केला होता. शिवाय नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे अपार्टमेंटमध्ये फ्लशची टाकी वापरायची नाही, बादलीच वापरायची, असाही नियम त्यांचाच. त्यांच्या सहीची ती सूचना प्रत्येक मजल्यावर चिकटवलेली होती आणि जगदेवींना तर एकदा त्यांनी त्यावरून लेखी समज दिली होती.

हाशमभाईंनी टेम्पो परत वळवला. सोमशेखरराव वाटेत बाटलीतून पाणी पीत होते. टेम्पो खड्ड्यातून गेला की त्यांना पाण्याची आठवण होत होती.

घरी उत्कर्षा हिरव्या चुड्यात, फुलांचे दागिने अंगावर लावून पाहत बसली होती. वडिलांना दारात बघून ती उठली. “अप्पा, इकडं या जरा, हा बाजूबंद सैल वाटतोय का बघा.”

सोमशेखरराव मागं सरकले. ती आणखी दोन पावलं पुढं आली, ते आणखी दोन मागं. शेवटी त्यांची पाठ बाथरूमच्या दाराला लागली. ते आत शिरले आणि त्यांनी कडी लावली. तशी त्यांना खरोखरच फार घाई होती. पण ते बसायला वळतायत तोच उत्कर्षानं दार ठोठावलं आणि काळजीच्या आवाजात विचारलं, की अप्पा, तुम्हाला बरं नाही का? ते दचकले. या दचकण्याबद्दल इथं जास्त लिहिणं बरं नाही. पँट गडद निळी होती आणि वरून काही दिसत नव्हतं, एवढं त्यांनी पाहून घेतलं.

मग फ्लश. सांगितल्याप्रमाणे दोनदा करायचा होता. त्यांनी पहिल्यांदा दांडी ओढली तेव्हा आवाज सगळ्या मजल्यांवर गेला, कारण त्या इमारतीत फ्लशचा आवाज ऐकून लोकांना बरेच महिने झाले होते. टाकी भरेपर्यंत ते आत उभे राहिले आणि त्यांनी दुसऱ्यांदा दांडी ओढली. बाहेर आले तेव्हा घराच्या दारात जगदेवी उभ्या होत्या. जिन्यातल्या सूचनेकडे त्यांनी एकदा पाहिलं, एकदा सचिवांकडे पाहिलं, आणि त्या वर निघून गेल्या. त्यांना कारण माहीत होतं, आणि तरीही त्यांनी एवढा आनंद करून घेतला.

प्रभुला किल्ली दिली आणि सोमशेखरराव मुलीशी एक शब्दही न बोलता टेम्पोत जाऊन बसले. उत्कर्षा खिडकीतून बघत होती. तिनं आईला विचारलं, अप्पा चिडलेत का माझ्यावर? बाळंतपणानंतर लवकर नोकरीवर जाणार म्हटलं म्हणून? महानंदाबाईंना पटकन खोटं बोलता येत नसे. त्यांनी तिला चिंच हवी का विचारलं.

केंद्रावर पोचल्यावर सोमशेखररावांना पुन्हा एकदा लघवीला जाऊन यायला सांगितलं, किल्ल्या, पट्टा, चिल्लर काढून घेतली आणि अरुंद टेबलावर निजवलं. मशीनची वरची चौकोनी पाटी हळूहळू खाली येत नाकाच्या इतकी जवळ आली की त्यांना तिच्यावरची धूळ मोजता आली असती. मशीन बोगद्यासारखं बंद नव्हतं, आवाजही फार नव्हता. फक्त हलायचं नव्हतं. न हलण्याचा त्यांना कार्यालयातला मोठा अनुभव होता, पण नाकाच्या शेंड्याला जी खाज त्या वेळी सुटली तशी आयुष्यात सुटली नसेल. पाटी डोक्यावरून छातीवर, छातीवरून पोटावर सरकत गेली. पायांकडे गेल्यावर त्यांनी गुपचूप नाक हलवून पाहिलं.

काचेपलीकडं मेहनाज पडद्याकडं बघत होती. ती बघतच राहिली. मग तिनं कुणाला तरी बोलावलं. एक डॉक्टर आले, तेही वाकून बघू लागले. दोघं काहीतरी बोलले. डॉक्टरांनी पडद्यावर एका जागी बोट ठेवलं.

सोमशेखरराव टेबलावर निजून हे सगळं बघत होते. आजवर त्या विषयाकडे त्यांनी सरळ पाहिलं नव्हतं. अर्ज, विमा, तारीख, किल्ल्या, फ्लश असं काही ना काही मध्ये होतं. आता मध्ये काही नव्हतं. त्यांना वाटलं, त्या बोटाखाली जे आहे ते आपलं आहे. मग त्यांना वाटलं, मुलीचा बाजूबंद लांबूनसुद्धा बघता आला असता, सैल होता की नव्हता ते सांगायला काय लागत होतं.

मेहनाज बाहेर आली. तिनं टेबलाजवळ येऊन आवाज खाली करून विचारलं, “काका, मघाशी लघवीला जाताना कपड्यांवर थोडं सांडलं होतं का?”

सोमशेखररावांनी छताकडं बघितलं.

“तसं असेल तर सांगा. मांडीच्या वरच्या बाजूला एक ठिपका दिसतोय. तो हाडातला आहे का कपड्यावरचा, ते बघायला हवं. लघवीतून औषध जातं ना, कपड्यावर पडलं तर तेही फोटोत येतं. पुष्कळांचं होतं असं.”

पुष्कळांचं होतं, या शब्दांनी त्यांना काही बरं वाटलं नाही. त्यांच्या नोकरीच्या काळात त्यांच्या पँटीला कधी शाईचा डागही पडला नव्हता. पण त्या क्षणी दोनच शक्यता होत्या आणि त्यातली एक निवडण्याची त्यांना आयुष्यात कधी झाली नव्हती एवढी घाई झाली.

“सांडलं होतं,” ते म्हणाले. “नक्की सांडलं होतं. थोडं नाही, बरंच.”

पँट काढून घेतली, मांडी पुसून घेतली, केंद्राची मागून बांधायची झूल त्यांना घातली आणि पुन्हा पाटी खाली आली. या वेळी खाज सुटली नाही, किंवा सुटली असली तरी त्यांच्या लक्षात आली नाही. थोड्या वेळानं मेहनाज पुन्हा बाहेर आली.

“रिपोर्ट डॉक्टरच देतील, काका,” ती म्हणाली. “बाकीचं ते नीट बघतील. पण तो ठिपका पँटीचाच होता.”

सोमशेखररावांनी तिचा हात धरला. मग तिचा काय संबंध असं वाटून सोडून दिला.

पँट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून मिळाली. आजचा दिवस बाजूला ठेवा, उद्या धुवा, असं सांगण्यात आलं. झूल मात्र केंद्राची होती. ती परत द्यायची म्हटल्यावर खाली काय नेसायचं हा प्रश्न आला. हाशमभाईंनी टेम्पोच्या सीटमागून आपली चौकड्यांची लुंगी काढून दिली. लांबच्या फेरीला गेलं की ते ती नेसून झोपत.

“धुतेली हाय, सायेब,” ते म्हणाले. “मागच्या म्हैन्यातच.”

अशा रीतीनं सोमशेखर हत्तुरे आपल्या एकुलत्या एक मुलीच्या डोहाळजेवणाला, वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली हिरव्या चौकड्यांची लुंगी आणि हातात गाठ मारलेली पिशवी घेऊन, कांद्याच्या गोण्यांच्या टेम्पोतून उतरले. मंडप भरलेला होता. अक्कलकोटची माणसं आली होती. पुण्याच्या विहीणबाईंनी त्यांना नमस्कार केला आणि नंतर कुणाला तरी विचारलं, की हे कोण. कढईत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, रटरटत होती. झोपाळ्यावर बसलेली उत्कर्षा वडिलांना पाहून उठू लागली तसे ते माणसांच्या कडेनं, भिंतीला धरून, जिन्याकडं सरकले आणि थेट गच्चीवर गेले. टाकीच्या सावलीत त्यांनी पिशवी एका बाजूला ठेवली आणि स्वतः दुसऱ्या बाजूला बसले.

खाली ओटी भरली गेली, गाणी झाली. फोटोसाठी अप्पांना बोलवा, असं दोनदा ऐकू आलं. मग जिन्यात बांगड्यांचा आवाज आला. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि उत्कर्षा एकेक मजला थांबत वर येत होती. मागं बायका होत्या, त्या तिला जाऊ नको म्हणत होत्या, पण का जाऊ नको ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

सोमशेखरराव गच्चीच्या दारात येऊन उभे राहिले. ती खालच्या वळणावर कठड्याला धरून उभी होती. तिला धाप लागली होती.

“अप्पा, माझं काही चुकलं का?”

“नाही.”

“मग खाली या.”

“येतो. उद्या येतो.”

उत्कर्षाचे डोळे भरले. तिनं आणखी एका पायरीवर पाय ठेवला. सोमशेखरराव मागं सरले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ती येतच राहणार आणि गच्चीला कठड्यापलीकडं काही नाही.

“तिथंच थांब,” ते म्हणाले. आवाज कार्यालयातला लागला. ती थांबली. “मला कॅन्सर आहे.”

तो शब्द त्यांनी आजवर स्वतःशीसुद्धा म्हटला नव्हता, आणि म्हटला तो चार मजल्यांना ऐकू जाईल असा.

“लहान आहे,” त्यांनी घाईनं पुढं सांगितलं. “वेळेत सापडलाय. आज हाडांचा फोटो काढला, पुढं गेलाय का ते बघायला. त्यासाठी एक औषध टोचलंय, ते आजच्या दिवस अंगात असतं. तुझ्या जवळ यायचं नाही असं सांगितलंय. बाळासाठी. म्हणून.”

उत्कर्षा पायरीवर बसली. तेवढ्यात बायकांच्या मागून गुरप्पा वाट काढत पुढं आले आणि त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की आमच्यापैकी कुणी एक शब्द बाहेर काढलेला न्हाय.

उत्कर्षानं मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं. “म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?”

“सगळ्यांना न्हाय,” गुरप्पा प्रामाणिकपणे म्हणाले. “त्या मंडपवाल्याला न्हवतं.”

“मला पन म्हाईत हुतं की,” खालून प्रभुचा आवाज आला.

उत्कर्षा रडायला लागली. हुंदके देत नव्हती, नुसतीच रडत होती. सोमशेखररावांना खाली जाता येत नव्हतं आणि तिला वर घेता येत नव्हतं. महानंदाबाई तिच्याजवळ बसल्या. तिनं नाक पुसलं, वर पाहिलं आणि विचारलं, “पुढं गेलाय का मग? काय म्हणाले ते?”

“रिपोर्ट यायचाय.”

“म्हणजे गेला असेल.”

“नाही,” सोमशेखरराव म्हणाले. “तसं वाटत नाही.”

“कशावरून?”

जिन्यात अक्कलकोटची माणसं होती, विहीणबाई होत्या, जगदेवी होत्या. आपल्याकडे असलेला एकमेव पुरावा गाठ मारलेल्या पिशवीत टाकीपाशी पडलाय, हे त्यांना माहीत होतं. तो सांगितला नाही तर मुलगी रात्रभर झोपणार नाही, हेही माहीत होतं. त्यांनी लुंगीची गाठ घट्ट केली आणि सगळं सांगितलं. बाजूबंद, बाथरूमची कडी, दार ठोठावणं, दचकणं, फोटोतला ठिपका, काचेपलीकडचं डॉक्टरांचं बोट, पँट, आणि पँटीशिवाय काढलेला दुसरा फोटो, ज्यात ठिपका नव्हता. आवाज लांब पोचवायचा असल्यामुळे सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. ‘सांडलं’ हा शब्द तर अक्कलकोटच्या एका बहिऱ्या मावशींसाठी दोनदा.

आधी उत्कर्षाच्या खांद्याला हिसका बसला. महानंदाबाईंना वाटलं, तिला पुन्हा रडू आलं. पण ती हसत होती. मग कठड्याला धरून ती इतकी हसली की महानंदाबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. मग जगदेवी हसल्या, मग मजल्यामजल्यावर हसणं उतरत खाली मंडपापर्यंत गेलं आणि तिथून हाशमभाईंचा आवाज आला, लुंगी सावकाश परत द्या म्हणून. सोमशेखरराव दारात ताठ उभे होते. एवढ्या माणसांसमोर एवढी बेअब्रू त्यांची कधी झाली नव्हती. तरी मुलगी हसून दमेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

त्यांचं ताट गुरप्पांनी वर आणलं. हुग्गीत तूप भरपूर होतं. गुरप्पांनी ताट हातभर लांबून सरकवलं आणि जाताना सांगितलं, की रात्री आरशात बघायला विसरायचं न्हाय.

रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर आला. तो इंग्रजीत होता आणि सोमशेखररावांचा चष्मा सापडत नव्हता, असं त्यांचं म्हणणं. चष्मा त्यांच्या खिशात होता. उत्कर्षा त्यांच्या शेजारी पलंगावर बसली, अगदी खेटून, आणि मराठीत करून वाचू लागली. कवटी, बरगड्या, मणके, कंबर, मांड्या, एकेक हाड आलं आणि गेलं. डावीकडचीही आली आणि उजवीकडचीही. पसरल्याचं काही लक्षण नाही. गुडघ्यांची वयाप्रमाणे झीज. शेवटी बाकी सगळ्या सांगाड्याबद्दल एक शब्द होता, ‘अनरिमार्केबल’.

“म्हणजे?” सोमशेखररावांनी विचारलं.

“म्हणजे नोंद घेण्यासारखं काही नाही तुमच्यात.”

सोमशेखरराव थोडे दुखावले. आयुष्यभर कार्यालय सांभाळलेल्या माणसाला हा शेरा जरा लागणाराच होता. महानंदाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, हे मी लग्नापासून सांगतेय. आणि पदर डोळ्यांना लावून त्या पटकन स्वयंपाकघरात गेल्या.

उत्कर्षानं मोबाइल बाजूला ठेवला. सोमशेखररावांनी तो उचलून पुन्हा तिच्या हातात दिला.

“परत वाच,” ते म्हणाले. “कवटीपासून.”